दारातली बॅटरी आणि आपली झोप



गेल्या पौर्णिमेला यवतमध्ये वंदना आटोपली, खीर वाटून झाली आणि मंडळी पांगू लागली. तेवढ्यात गुऱ्हाळावर कामाला जाणारी एक आई आमच्यापाशी आली. तिने पदराआडून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढून पुढे धरली. "भाऊ, हे काय असतं हो? पोराच्या दप्तरात सापडलं. तो म्हणतो, नुसता वासाचा धूर आहे, तंबाखू नाही. पण मला काही खरं वाटंना."

पितळेच्या नळीसारखी जड वस्तू होती. एका टोकाला तोंडात धरायची चोच, दुसऱ्या टोकाला दाबायचे बटण. ती वेपची नळी होती, म्हणजे विजेवर चालणारी सिगारेट. आटे फिरवून आम्ही ती उघडली, तर आत अंगठ्याएवढा एक सेल. त्याच्यावरचे प्लॅस्टिकचे वेष्टन दोन ठिकाणी फाटलेले. पोर ही नळी शाळेत नेत होता, बसताना पँटच्या खिशात घालत होता आणि रात्री उशाशी ठेवून झोपत होता. आईला काळजी धुराची होती. आम्हाला त्याहून जास्त भीती त्या फाटक्या वेष्टनाची वाटली. म्हणून यावेळचे सदर या सेलसाठी.

आधी धुराचे सांगून टाकू. "तंबाखू नाही" हे अर्धे खरे आहे. पाने नसतात, पण या नळ्यांच्या रसात बहुधा निकोटीन असते, आणि तंबाखूची सवय जडते ती निकोटीननेच. आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. विजेवरची सिगारेट बनवणे, आयात करणे, विकणे, तिची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विक्रीसाठी साठा करणाऱ्यालाही शिक्षा आहे. तेव्हा ही वस्तू जो पोरांना विकतो तो चोरूनच विकतो. आपण पंचशील घेतो, त्यातले पाचवे शील नशेपासून दूर राहण्याचे आहे. मुलाला समोर बसवून ते समजावून सांगा. मारझोड करू नका. मारलेला पोर वस्तू टाकत नाही, लपवतो. आणि ही वस्तू लपवून ठेवण्यातच खरा धोका आहे. का, ते आता सांगतो.

त्या अंगठ्याएवढ्या सेलची जाडी १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर असते. म्हणून बाजारात त्याला अठरा-सहाशेपन्नास म्हणतात. तो लिथियमचा सेल. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने असे सेल पहिल्यांदा बाजारात आणले आणि ज्यांच्या संशोधनातून ते घडले त्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मोबाईल, लॅपटॉप, विजेची गाडी हे सगळे लिथियमच्या सेलवर उभे आहे. सेल वाईट नाही. चुलीतला विस्तव वाईट असतो का? पण विस्तवाला चूल लागते.

आत काय असते? तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्यांच्यामध्ये कागदासारखा प्लॅस्टिकचा पडदा, हे सगळे सतरंजीसारखे गुंडाळून डबीत भरलेले आणि वर पेट घेणारा द्राव. तो पडदा फाटला किंवा उष्णतेने वितळला की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, सेल तापतो, तापला की आतली रासायनिक क्रिया वाढते, ती वाढली की आणखी तापतो. हे चक्र एकदा सुरू झाले की बटण बंद करून थांबत नाही. आग बाहेरून लागत नाही, आतूनच येते.

मग मोबाईल रोज का फुटत नाहीत? कारण चांगल्या उपकरणात सेलच्या पुढे एक चौकीदार बसवलेला असतो, छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी. सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरला की ती चार्जिंग तोडते, फार रिकामा झाला की पुरवठा तोडते, जास्त करंट ओढला किंवा सेल तापला तरी तोडते. त्या आईने आणलेल्या नळीत हा चौकीदारच नव्हता. सेल, बटण आणि तापणारी तार, बस्स. अशा नळीत किती करंट वाहायचा हे कोणीही ठरवत नाही. तो फक्त तारेच्या हिशेबाने वाहतो.

हा हिशेब आपल्या शेतावर काम करणाऱ्यांना अवघड नाही. टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर. तो जोर म्हणजे व्होल्ट. पाइप जितका अरुंद तितकी अडवणूक. ती अडवणूक म्हणजे ओहम. प्रत्यक्ष वाहणारे पाणी म्हणजे करंट, तो अँपिअरमध्ये मोजतात. व्होल्टला ओहमने भागले की करंट येतो. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, तार अर्ध्या ओहमची, तर करंट ८.४ अँपिअर आणि उष्णता सुमारे ३५ वॅट. आता धूर जास्त निघावा म्हणून पोरे एकामागे एक दोन सेल लावतात. व्होल्ट झाले ८.४, करंट झाला १६.८ अँपिअर आणि उष्णता १४१ वॅट. व्होल्ट दुप्पट झाले, पण उष्णता चौपट झाली! तार आणखी जाड घेऊन ०.२ ओहमची केली तर करंट थेट ४२ अँपिअरवर जातो. लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला साधा सेल पाच ते दहा अँपिअर सोसायला बनवलेला असतो. बैलाला ट्रकचे ओझे जुंपल्यावर काय व्हायचे ते होते.

हे नुसते कागदावरचे भय नाही. अमेरिकेच्या सरकारी अग्निशमन खात्याने २००९ ते २०१६ या काळातल्या १९५ घटना नोंदवल्या. त्यांत १३३ माणसे जखमी झाली. त्यातल्या ६१ घटनांत नळी किंवा तिचा सुटा सेल खिशात होता. मे २०१८ मध्ये फ्लोरिडात एक माणूस आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमध्ये २४ वर्षांचा तरुण नळी फुटून मेला. त्या तरुणाच्या मानेत धातूचा तुकडा घुसून रक्तवाहिनी तुटली.

खिशातच इतक्या घटना का? इथे ते फाटके वेष्टन येते. या सेलची सबंध डबी ऋण टोक असते. धन टोक वरच्या छोट्या बटणापुरते. दोघांच्या मध्ये वरच्या कडेला फक्त एक पातळ कडी आणि प्लॅस्टिकचे वेष्टन. वेष्टन फाटले आणि खिशातली किल्ली किंवा नाणे तिथे टेकले की सेल जागच्या जागी शॉर्ट. मांडी भाजायला तेवढे पुरते.

आता कोणी म्हणेल, आमच्या घरात वेप नाही, आम्हाला काय त्याचे? थांबा. तोच सेल आपल्या घरात दुसऱ्या दाराने आलेला आहे. शेतीची लाईट रात्रपाळीला असली की उसाला दारे धरायला माणूस रात्रीच जातो. दौंड-शिरूरच्या उसात बिबट्याची भीती, म्हणून डोक्याला लावायची झगझगीत बॅटरी हवीच. ती बाजारात स्वस्तात मिळते, तिच्यात हाच सेल. जयंतीला वाजणारा छोटा स्पीकर, एक जानेवारीला भीमा कोरेगावला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जाताना पोरे नेतात ती पॉवर बँक, औषध मारायचे काही नवे पंप, काही विजेच्या गाड्या, सगळीकडे लिथियमच. आणि यातल्या स्वस्त वस्तूंत चौकीदार पट्टी कधी असते, कधी नुसती नावाला असते, कधी नसतेच.

सेलवर ९९०० असा आकडा छापलेला दिसला तर समजा की तो खोटा आहे. अठरा-सहाशेपन्नास आकारात आजच्या चांगल्या कंपन्यांचे सेलसुद्धा साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात. जो आकड्यात खोटे बोलतो तो सुरक्षिततेत खरे का बोलेल? अस्सल सेलचे वजन साधारण ४५ ग्रॅम भरते. किराणा दुकानाच्या काट्यावर तो फारच हलका भरला तर तो नकली. वजन बरोबर भरले म्हणून मात्र तो अस्सल ठरत नाही, कारण लॅपटॉपच्या भंगारातून काढलेल्या जुन्या सेलवर नवे वेष्टन चढवून विकणारेही आहेत.

आता सर्वांत मोठ्या धोक्याकडे येऊ, विजेच्या गाडीकडे. पेट्रोल परवडत नाही, म्हणून कंपनीत पाळीला जाणारे आपले भाऊ जुनी विजेची स्कूटर घेतात. त्यात चूक काहीच नाही. चूक होते ती चार्जिंगला. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच राज्यात वसईला एका कुटुंबाने स्कूटरची बॅटरी काढून घरात चार्जिंगला लावली. पहाटे ती फुटली. तिथे आजीजवळ झोपलेला सात वर्षांचा नातू भाजला आणि आठवड्याभरात दगावला. त्याच वर्षी मार्चमध्ये तामिळनाडूतल्या वेल्लोरला रात्री चार्जिंगला लावलेली गाडी पेटली आणि धुराने गुदमरून बाप व लेक दोघे गेले. सप्टेंबरात सिकंदराबादला खाली विजेच्या गाड्यांची शोरूम आणि वर लॉज असलेल्या इमारतीत आग लागून आठ माणसे मेली. पुण्यातही मार्च २०२२ मध्ये रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर भर दिवसा पेटली होती.

या घटनांनंतर केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि गाड्यांच्या बॅटरीचे नियम कडक केले. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. एक सेल पेटला तर शेजारचे पेटायला वेळ लागावा, पाणी आत जाऊ नये, धोका झाला तर गाडीने इशारा द्यावा, अशा त्यातल्या अटी. म्हणजे नवी गाडी पूर्वीपेक्षा बरी. पण गरिबाच्या घरात नवी गाडी येते कुठे? आपल्याकडे येते ती त्याआधीची, दुसऱ्या हातची, किंवा बॅटरी मेल्यावर कोपऱ्यावरच्या शेडमध्ये सुटे सेल जोडून पुन्हा उभी केलेली. नियम कारखान्याच्या दारात थांबतो. त्या शेडमध्ये तो पोचत नाही.

त्या शेडमध्ये काम करणारी पोरे आपलीच आहेत, हेही विसरू नका. कोणी भंगारातून सेल वेचतो, कोणी पट्ट्या जोडतो. त्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. हात त्यांचेच आधी भाजतात. त्यांना सांगणे एवढेच की जुना आणि नवा सेल एका माळेत जोडू नका. अशक्त सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून करंट ढकलत राहतात आणि तो आतून खराब होतो. मोजमाप केल्याशिवाय आणि चौकीदार पट्टी बसवल्याशिवाय पॅक गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नका. हे काम नीट शिकलेल्या पोराला उद्या भरपूर मागणी आहे, तेव्हा शिकायला लाजू नका.

आमच्या वस्तीकडे बघतो तेव्हा एकच गोष्ट डोळ्यांपुढे येते. एक-दोन खोल्यांचे घर, वर पत्रा, बाहेर जायला एकच दार, आणि गाडी चोरीला जाऊ नये म्हणून रात्री ती त्याच दारात आत घेऊन चार्जिंगला लावलेली. आत पाच-सहा माणसे झोपलेली. गाडी पेटली तर आग आणि आपण यांच्यामध्ये दार नाही; आग दारातच आहे. वसईत आणि वेल्लोरमध्ये जे झाले ते कोणत्याही वस्तीत व्हायला वेळ लागणार नाही. मूर्तीपुढची मेणबत्ती विझवल्याशिवाय आपल्या आया-आज्या झोपत नाहीत. मग दारात हजार मेणबत्त्यांचा विस्तव तापत ठेवून आपण बिनघोर कसे झोपतो?

म्हणून या गोष्टी घरात आजपासून पाळा.

दारात, जिन्यात, बाहेर पडायच्या वाटेवर काहीही चार्जिंगला लावू नका. गाडी किंवा तिची बॅटरी बाहेर, सावलीत, फरशीवर किंवा मातीवर लावा. गोधडी, गादी, सरपण, सिलिंडर यांच्यापासून दूर.

सगळे झोपल्यावर चार्जिंग नको. जागे असताना लावा आणि भरली की काढा. लाईट रात्रीच असेल तर घरातला एकजण जागा राहील असे बघा. कामावरून तापून आलेली गाडी लगेच लावू नका, तासभर निवू द्या.

उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी चार्जिंग करू नका. लिथियमचे सेल साधारण ४५ अंशांपर्यंतच भरायचे असतात. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त उष्णता सहज होते.

ज्याचा चार्जर त्यालाच. "दोन्हींवर ४८ लिहिलंय, चालतंय की" असे म्हणू नका. तेरा सेलांच्या माळेची लिथियम बॅटरी ५४.६ व्होल्टला पूर्ण भरते. जुन्या ॲसिडच्या ४८ व्होल्ट बॅटरीचा चार्जर त्याहून दोन-चार व्होल्ट वर जातो. लिथियमला तेवढे जास्त भरणे घातक.

फुगलेली, चेपलेली, पाण्यात भिजलेली, गोड रसायनासारखा वास येणारी बॅटरी वापरायची नाही. फुगलेला मोबाईल दाबून बसवायचा नाही. सुटा सेल खिशात, पर्समध्ये ठेवायचा नाही. प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. वेष्टन फाटले की तो सेल बाद.

विकत घेताना पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि आर अक्षरापुढचा आठ आकडी नोंदणी क्रमांक बघा. ब्युरोच्या मोबाईल ॲपवर तो क्रमांक खरा की खोटा ते तपासता येते. घरातल्या शिकत्या मुलीला सांगा, ती दोन मिनिटांत बघून देईल. आणि पक्के बिल मागा. वस्तू सदोष निघून नुकसान झाले तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पण बिल नसेल तर भांडायचे कशावर?

निकामी सेल चुलीत, कचऱ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. कचरा वेचणारी बाईही आपलीच बहीण आहे, आणि कचऱ्याच्या गाडीत दाबला गेलेला सेल पेटतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून त्या मोबाईलच्या मोठ्या दुकानात किंवा गाडीच्या विक्रेत्याकडे परत द्या.

आणि आग लागलीच तर? बॅटरी नुसती गरम लागली, धूर नसेल, तर प्लग काढून ती अंगणात मातीवर नेऊन ठेवा. फुसफुस आवाज, धूर किंवा ठिणगी दिसली तर हात लावू नका. आधी लेकरे आणि म्हातारी माणसे बाहेर. गाडी गेली तर गेली. हा धूर विषारी असतो, वाकून, तोंडावर ओला कपडा धरून बाहेर पडा. जमेल तर बाहेरूनच घराची मेन लाईट बंद करा. ११२ ला किंवा अग्निशमनाच्या १०१ ला फोन करा. छोटा सेल असेल तर लांबून भरपूर पाणी ओता, पाण्याने तो निवतो. गाडीची बॅटरी असेल तर आपण विझवायला जाऊ नये. विझली असे वाटून ती पुन्हा पेटते. कोणी भाजले तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी वाहते ठेवा. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नका. मग १०८ ची गाडी बोलावून दवाखाना गाठा.

विजेला घाबरून घरात अंधार करा असे आमचे म्हणणे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. विजेचे नियोजन त्यांच्याच खात्याकडे होते आणि केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच काळात, १९४४ साली उभे राहिले. स्वस्त आणि भरपूर वीज असल्याशिवाय या देशातला गरीब माणूस दारिद्र्यातून वर येणार नाही, असे ते मानत. त्याच खात्यातून त्यांनी कामगारांच्या कामाचे तास आणि कल्याण यांचेही प्रश्न हाती घेतले. वीज हवी आणि माणूसही सुरक्षित हवा, या दोन गोष्टी त्यांना वेगळ्या वाटल्या नाहीत. आपणही त्या वेगळ्या करू नयेत.

तथागतांनी दुःख आहे एवढेच सांगितले नाही, दुःखाला कारण असते आणि कारण काढून टाकता येते हेही सांगितले. आणि शेवटच्या उपदेशात भिक्खूंना जो शब्द दिला तो अप्रमाद, म्हणजे गाफील न राहणे. बॅटरी फुटली की लोक म्हणतात, नशीब. नशीब नव्हे. फाटके वेष्टन, चुकीचा चार्जर, तापलेला पत्रा आणि दारात लावलेली गाडी, ही कारणे आहेत. ती काढता येतात.

त्या आईच्या नळीचे काय झाले? सेल काढून दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली आणि मोबाईलच्या दुकानात नेऊन दिला. पोर शेजारी उभा राहून ओहमचा हिशेब ऐकत होता. बेचाळीस अँपिअरचा आकडा आला तेव्हा त्याने हळूच विचारले, "काका, म्हणजे हे माझ्या उशाशी होतं?" आईने काही न बोलता त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढच्या पौर्णिमेला विहारात येताना घरातली फुगलेली, फाटकी बॅटरी डबीत घालून सोबत आणा. सगळ्यांच्या एकत्र करून दुकानात नेऊन देऊ. आणि आज रात्री झोपण्याआधी एकदा दाराकडे बघा.

जयभीम!